विहिरीचं कलम

कौतुक नकोसं वाटावं, असं शेषरावांच्या बाबतीत त्या शनिवारी पहिल्यांदाच घडलं. बुलढाण्यात तेव्हा ज्या चार-सहा लहानमोठ्या सरकारी कचेऱ्या होत्या, त्यांतल्या एकीत भाषांतराचं टेबल सांभाळून त्यांना एकोणीस वर्षं होत आली होती. वरून इंग्रजीत आलेलं मराठीत करून गावोगाव धाडायचं आणि गावांकडून मराठीत आलेलं इंग्रजीत करून साहेबांपुढं ठेवायचं, एवढंच काम. पण ते त्यांच्याइतकं देखणं साऱ्या वऱ्हाडात कोणी करत नाही, असं अकोल्याकडचे लोकही म्हणत. शेषराव ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला शब्दन् शब्द सांगत. त्या दुपारी कचेरी उठायच्या बेतात होती. वैशाखाचं ऊन खिडकीच्या वाळ्याच्या तट्टीतूनही आत येत होतं. दाराशी कोणीतरी जोडे काढले, काठी भिंतीला टेकवली, आणि पांढऱ्या पागोट्याचा एक साठीचा माणूस उंबऱ्याबाहेरच थांबला. "रामराम. मी उकंडराव. धामणटेकचा पाटील." शेषरावांनी टाक खाली ठेवला. हे नाव गेल्याच आठवड्यात त्यांनी चार वेळा लिहिलं होतं. तहसिलीतून आलेला पटकीच्या साथीचा अहवाल त्यांनीच इंग्रजीत केला होता: मौजे धामणटेक, मयत चौदा, हुकूम असूनही पाटलानं पिण्याची विहीर बंद केली नाही, सबब पाटीलकी काढून घ्यावी. चौदा हा आकडा त्यांनी अंकी लिहिला, मग अक्षरी लिहिला, आणि दौतीत टाक बुडवून पुढच्या ओळीवर गेले. आता त्या अहवालातला माणूस समोर उभा होता आणि म्हणत होता, "तुमालेच भेटाले आलो. मरी आल्यावर काय कराचं त्याचा तो छापील कागद तुमच्या हातचा न? चावडीत दोनदा वाचून घेतला आमी. असा गोड कागद सरकारातून कधी आला नव्हता पहा. कोनाच्याच मनाले लागला नाई."

शेषरावांनी सवयीनं मान झुकवली, कौतुकाचा स्वीकार करताना झुकवायचे तशीच, आणि ती झुकलेली असतानाच त्यांना समजलं की आपण काय स्वीकारतोय. कोणाच्याच मनाला लागला नाही. कागद मनाला लागू नये हीच तर त्यांची आयुष्यभराची कारागिरी होती. पाटील बाकावर टेकले, तेही अर्धेच. कुठल्याही तक्रारीशिवाय, गावाकडची खुशाली सांगावी तसं ते सांगत गेले. पहिली रहेमतुल्ला पिंजाऱ्याची अमीना गेली. सकाळी कापूस पिंजत होती, दिवे लागायच्या आत गेली. त्याच दिवशी पाटलांनी चावडीच्या खुंटीवरचा कागद काढायला लावला. "म्या म्हटलं, सरकारानं समदं लिहून देल्लं हाये, आपल्याले डोकं चालवाची गरज नाई. जसं लिहिलं तसं करत जाऊ. पह्यल्या कलमापासून धरलं." वेस झाडली. गल्ल्या झाडल्या. देवळाला चुना दिला, मशिदीला दिला. उकिरडे गावाबाहेर नेले. बाजारातली नासकी फळं फेकली. गंधकाचा धूर केला. घरोघर पाणी उकळून प्या म्हणून दवंडी दिली. पूजा सांगितल्या क्रमानं करायची असते, मधलं एक पुढं आणि पुढचं मागं करायचं नसतं, तसं त्यांनी केलं. चौथ्या दिवशी अकराव्या कलमाला पोचले. अकरावं विहिरीचं होतं.

"मंग बायकाइले बोलावलं," पाटील म्हणाले. "कागद वाचून दाखवाले लावला. लिहिलं होतं, गावाची गैरसोय होत नसन तं इहीर बंद ठेवाची. आता नाल्याले पानी नाई. दुसरं पानी कोसभर लांब. गैरसोय तं होतच होती. बायका म्हने, सरकारालेबी समजते आपली अडचन, त्यायनंच लिहिलं हाये. म्हून राहू देल्ली." त्यांनी पागोट्याच्या शेवानं कपाळ पुसलं. "त्याच्यानंतरचे तेरा." तेरांमध्ये त्यांची सून होती. तिचं नाव शालू. हे त्यांनी सांगितलं नाही. अहवालात होतं म्हणून शेषरावांना माहीत होतं, आणि ते माहीत असूनही गेल्या आठवड्यात आपण जेवलो, झोपलो, पान खाल्लं, हे त्यांना एकदम आठवलं. पाटलांचं काम वेगळंच होतं. सोमवारी साहेबांपुढं चौकशी होती. तहसिलीत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की गुन्हा मुकाट्यानं कबूल करा, म्हणजे पाटीलकीवर निभावेल, खटला होणार नाही. तेवढा कबुलीजबाब लिहून हवा होता. "तुमीच लिहा. तुमचा हात गोड हाये. लिहा का, कागदात होतं, म्या केलं नाई. सरकारचा हुकूम मोडला. आमच्या घरात सात पिढ्या पाटीलकी हाये, हुकूम कोनी मोडला नव्हता. म्या मोडला." उद्या दुपारी घरी या, लिहून ठेवतो, असं शेषराव म्हणाले. पाटील देऊळघाटला साडूकडं उतरले होते. त्यांनी जोडे घातले, काठी घेतली आणि जाताना पुन्हा एकदा म्हणाले, की कागद मात्र लय चांगला होता.

कचेरी रिकामी झाल्यावर शेषरावांनी कपाट उघडलं. दोन वर्षांपूर्वीचा मूळ कागद शोधायला वेळ लागला नाही. स्वतःच्या कामाची जागा माणूस विसरत नाही. नागपूरहून आलेला तो इंग्रजी कागद दोन भागांत होता. पहिल्या भागात चार गोष्टी होत्या आणि वर स्वच्छ म्हटलं होतं की ह्या पाटलानं केल्याच पाहिजेत. त्यातली पहिलीच विहिरीची: पहिला रोगी आढळेल त्याच दिवशी पिण्याच्या विहिरीवर काटे टाकून ती बंद करायची, पाण्यातली रोगराई मारायची लाल दवा पडेपर्यंत माणूस बसवायचा, कसूर झाल्यास पाटील जबाबदार. दुसऱ्या भागात सात सूचना होत्या, जमल्या तर कराव्यात अशा, आणि चुना, धूर, उकिरडे हे सगळं त्यात होतं. कोणी इंग्रजानं लिहिलेला तो रुक्ष, ओबडधोबड मजकूर शेषरावांना तेव्हाही आवडला नव्हता. मालकानं गड्याला सांगावं तसा तो होता. शेषरावांनी दोन्ही भाग मोडले आणि अकरा कलमांची एकच माळ केली. क्रमही नवा लावला, आणि त्या क्रमावर ते स्वतःच खूश झाले होते: वेशीपासून सुरुवात, मग गल्ल्या, मग देवळं, उकिरडे, बाजार, घर, घरातलं अन्नपाणी, आणि शेवटी गावाच्या मधोमधची विहीर. वाचणारा जणू वेशीतून आत येऊन गावभर फिरून विहिरीपाशी पोचतो. मग त्यांनी शाई घोटून, स्वतःच्या वळणदार बाळबोध अक्षरात तो मजकूर शिळाछापासाठी उतरवला. म्हणजे जिल्ह्यातल्या साऱ्या चावड्यांत जो कागद टांगलेला होता, तो केवळ त्यांच्या शब्दांत नव्हता, त्यांच्या हस्ताक्षरात होता. मराठी प्रत त्यांनी मूळ कागदाशेजारी ठेवली. अकरावं कलम वाचलं. "पाटील महाशयांनी, गावकऱ्यांची विशेष गैरसोय होत नसल्यास, लाल दवा पडेपर्यंत पिण्याच्या विहिरीचा उपयोग स्थगित ठेवावा, अशी सरकारास उमेद आहे." गैरसोयीची गोष्ट इंग्रजीत कुठंच नव्हती. ती त्यांनी का घातली असेल, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि आठवलं ते एवढंच की ती नसताना वाक्य उघडं वाटत होतं. जेवायला या म्हणताना आपण सवड असल्यास म्हणतो, तशी ती आली होती.

हे वळण त्यांच्या हाताला कुठून लागलं तेही त्यांना माहीत होतं. वडील मेहकरकडच्या एका देशमुखांचे कारभारी. देशमुखांना कधी काही करा म्हणायचं नसे. "पाऊस आज येईलसं दिसतं" म्हटलं की देशमुख कडबा आत घ्यायला सांगत, आणि ते त्यांचंच डोकं ठरत असे. वडील म्हणायचे, माणसाला काम सांगावं ते असं, की त्याला ते आपणहून सुचल्यासारखं वाटलं पाहिजे. लहानपणी शेषरावांना ह्या कलेचं फार अप्रूप होतं. पुढं कचेरीत लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चिखलीकडच्या एका पाटलानं तक्रार केली होती, की सरकारी कागदात मला गड्यासारखं अरे-तुरे केलंय. साहेब हसले होते, पण हेडक्लार्क अब्दुल गनी हसले नव्हते. त्यांनी शेषरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कागदालेबी अदब पाहिजे, शेषराव. पाटील म्हंजे गावाचा राजा. त्याची इज्जत ठेवाल तं तो तुमचं काम करन." ते खरंही ठरलं होतं. शेषरावांच्या कागदांवर पुन्हा कधी तक्रार आली नाही. तक्रार न येणं म्हणजेच काम चांगलं झालं, असं त्यांनी धरलं, आणि कागद पोचला की नाही हे विचारायचं राहून गेलं. कोणी विचारलंही नाही. कागद गेला ह्याची नोंद आवकजावकाच्या वहीत होत होती.

अब्दुल गनी अजून कचेरीतच होते. साठीला टेकलेले, मेंदी लावलेली दाढी, दुपारचा जोहरचा नमाज आटोपून पानाचा डबा उघडून बसलेले. शेषरावांनी दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि पाटलाचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवून सावकाश वाचले. इंग्रजी आधी, मराठी नंतर, मग पुन्हा इंग्रजी. त्यांचा हात सुपारीवर तसाच राहिला. "हे कोनी पाह्यलं?" "कोनी नाही," शेषराव म्हणाले. "साहेबाले मराठी वाचता येत नाही. चौकशीच्या मिसलीत इंग्रजी कागद हाये. त्याच्यात हुकूम साफ हाये. पाटीलबी कबूल हाये, असं तुमीच सांगून राह्यले." अब्दुल गनी खिडकीकडं पाहत म्हणाले, "चौदा माणसं आता कोन्याच कागदानं परत येत नाहीत, शेषराव. तुमचं नाव अव्वल कारकुनीसाठी वर गेलं हाये. एक पोरगी उजवाची हाये तुमाले." मग पानाचा डबा बंद करून ते हलक्या आवाजात म्हणाले, "अदब मीच शिकवली तुमाले. त्याचं मलेबी वाईट वाटते." ते उठून गेले. शेषरावांना तो माणूस आवडत होता, आणि आताही आवडला, आणि त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते सगळं त्यांना भयंकर वाटलं.

घरी जाताना त्यांनी स्वतःचा खटला स्वतःच चालवला. बाजाराच्या उतारावर एका बाजूनं बोलले, चढावर दुसऱ्या. सरकारला उमेद आहे म्हटल्यावर ती पुरी करायची असते, हे कोणाला कळत नाही? साहेब नुसतं "ती मिसल मिळाली तर बरं" म्हणाले तरी आपण धावत जातो. वरून आलेली विनंती हा हुकूमच असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. असं ते स्वतःला पटवत होते, आणि चढ संपायच्या आत त्यांना उमगलं की हे कचेरीतल्या पोरालाच कळतं. ते एकोणीस वर्षं कचेरीत राहून आपल्याला कळतं. कचेरीत प्रत्येक मऊ शब्दामागं काय आहे हे पोटाला माहीत असतं, कारण पोट त्यावर चालतं. धामणटेकच्या बायकांना ते कसं माहीत असावं? त्यांनी सरकारचा शब्द ऐकला आणि सरकारवर विश्वास ठेवला. गैरसोय होत असेल तर राहू द्या असं सरकार म्हणतंय, म्हणजे सरकारला आपली काळजी आहे, असं त्यांना वाटलं. शालूलाही वाटलं असेल. कदाचित तीही त्या दिवशी चावडीसमोर डोक्यावरून पदर घेऊन उभी असेल आणि कोसभर चालायचं वाचलं म्हणून तिला बरं वाटलं असेल, आणि मग ती घागर घेऊन गेली असेल. हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि जाईना. रस्त्यात कोणीतरी नमस्कार केला, त्यांनी केला की नाही ते त्यांना आठवेना.

रात्रभर आणि रविवारची सकाळभर ते घरात नुसते इकडून तिकडं फिरत होते. बायकोनं, गोजरबाईंनी, दोनदा काय झालं विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही; डाळ निवडत बसल्या. मग शेषरावांनीच सांगितलं. सांगतानाही त्यांनी ते असं सांगितलं, की त्यात कोणी काही केलेलं नव्हतं. कागदात थोडा फरक पडला होता, क्रम मागंपुढं झाला होता, गैरसमज झाला होता. गोजरबाईंचे हात डाळीत थांबले. "म्हंजे तुमी हुकूम लिहिलाच नाही?" "तसंच काही म्हणता यायचं नाही." "लिहिला का नाही लिहिला?" शेषराव पुन्हा येरझारा घालू लागले. मुलगी कोकिळा आत चुलीपाशी होती. चिखलीच्या मंडळींनी तिला पाहून पसंत केलं होतं, सरकारी नोकरीतल्या माणसाची पोर म्हणून. हे त्या घरात तिघांनाही एकाच वेळी आठवलं असावं, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला. "तुला काय वाटतं?" शेषरावांनी विचारलं. गोजरबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "मले इचारू नका. बावीस वर्सं झाली. घर बांधाचं का नाही, पोरीले इथं द्याची का नाही, समदं माह्या तोंडून वदवून घेता अन् मंग लोकाइले सांगता का घरच्यायचं मन होतं. म्या आजवर वदली. आज नाही वदनार." त्या सूप घेऊन आत गेल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शेषरावांना सोसलं नाही. देशमुखांचा कारभारी ज्या कलेनं मालकाला सांभाळी, त्याच कलेनं आपण बायकोला सांभाळलं, आणि आपल्याला वाटत होतं की आपण तिचा मान ठेवतोय. वडिलांनी देशमुखांचा मान ठेवला असेलही. पण पावसानं कडबा भिजला असता तर तो दोष वडिलांच्या नावावर कधीच लागला नसता. इतकं साधं गणित त्यांच्या डोक्यात आजवर कधी मांडलं गेलं नव्हतं.

ते लिहायला बसले. पहिला कागद: "अनवधानाने मजकुरात किंचित सौम्यता आली असण्याचा संभव आहे." फाडला. दुसरा: "भाषांतरात मूळ आशयाचा जोर काहीसा कमी झाला, हे नम्रपणे नजरेस आणू इच्छितो." हाही देखणा होता. ह्यात जोर कमी झाला होता, नजरेस आणलं जात होतं, आणि माणूस कुठंच नव्हता. साहेबांनी इंग्रजीत तो वाचला असता तर एकदा भुवई उंचावली असती आणि पान उलटलं असतं. साधं वाक्य लिहायला इतका त्रास होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. हात आपोआप वळत होता, प्रत्येक ठिकाणी एखादं "कदाचित" किंवा "काहीसं" लावून कडा बोथट करत होता. त्यांना हेही कळत होतं की एकदा धड लिहिलं की परतायला वाट नाही. चाळिशीच्या पुढं नोकरी गेली तर बुलढाण्यात दुसरं काय आहे? अर्जनवीस होऊन लोकांचे अर्ज लिहीत कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसावं लागेल, आणि आज नमस्कार करणारे शिपाई समोरून जातील. चिखलीचे लोक निरोप धाडतील. तो निरोपही बहुधा फार सभ्य असेल. ह्या विचारानं त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी तिसरा कागद घेतला. ह्या वेळी त्यांनी प्रत्येक वाक्य आधी मनात एखाद्या अडाणी माणसाला विचारलं: कोणी केलं? काय केलं? आणि जे उत्तर आलं तेवढंच उतरवलं.

पाटील चार वाजता आले. देऊळघाटहून चालतच आले होते, धोतराला धूळ होती. कोकिळेनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी तांब्या उंच धरून प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला. ओसरीवर घोंगडी टाकली होती, तिच्यावर बसून त्यांनी आंगठा पुढं केला. "झालं लिहून? मले काय वाचून दाखवता, तुमी लिहिलं म्हंजे बरोबरच असन. आंगठा कुठं लावू?"

"आधी ऐका," शेषराव म्हणाले. "ऐकाच लागन."

त्यांनी वाचलं. "मी शेषराव, भाषांतर कारकून, स्वतःच्या मर्जीनं लिहून देतो. पटकीच्या इंग्रजी कागदात चार हुकूम होते आणि सात सूचना होत्या. मी त्या एकत्र केल्या. कोणता हुकूम आणि कोणती सूचना, हे मराठीत ठेवलं नाही. पहिला रोगी दिसेल त्याच दिवशी विहीर बंद करा, असा हुकूम होता. तो इंग्रजीत सर्वांत पहिला आहे. मी तो सर्वांत शेवटी टाकला. गैरसोय होत असल्यास विहीर चालू ठेवण्याची मोकळीक इंग्रजीत नाही. ती मी घातली. धामणटेकच्या पाटलांनी माझा कागद आला तसा पाळला. सरकारचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तो मी पोचवला नाही. पाटलांचा गुन्हा नाही."

उकंडराव पाटील ऐकत होते. पहिल्या दोन-तीन वाक्यांना त्यांनी मान डोलावली होती, चांगल्या कागदाला डोलावतात तशी. मग ती थांबली. वाचून संपलं. ओसरीसमोरच्या रस्त्यावरून मिठाची एक गाडी गेली, तिची चाकं करकरत वळणापर्यंत गेली, तोवर दोघंही बसून होते. शेषरावांना वाटलं होतं, की ह्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवतोय. कागद लिहिताना मनाच्या कोपऱ्यात तेवढं एक समाधान त्यांनी स्वतःसाठी ठेवलंही होतं. आता समोरच्या चेहऱ्याकडं पाहताना त्यांना दिसलं, की कालपर्यंत ह्या माणसाकडं देवाची मरी होती आणि स्वतःची चूक होती, आणि ह्या दोहोंशी त्यानं कसंबसं जमवून घेतलं होतं. आपण त्याच्या हातातून दोन्ही काढून घेतल्या आणि तिसरंच काहीतरी दिलं.

"पह्यल्याच दिवशी?" पाटलांनी विचारलं.

"हो."

"अमीना गेली त्याच दिवशी इहीर बंद कराची होती?"

"त्याच दिवशी."

"आमची शालू सातव्या दिवशी गेली." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले आणि मध्येच सोडून दिलं. "काटे होते आमच्यापाशी. बाभळीचे. वाड्याच्या कुंपनाले आनून टाकले होते, दोन गाड्या." मग त्यांनी सरळ शेषरावांकडं पाहिलं. "साहेबानं सांगतलं होतं. अन् तुमी मले सांगतलं नाई."

"नाही सांगितलं."

"काऊन?"

ह्याचं उत्तर शेषरावांकडं होतं, आणि ते देशमुखांपासून अब्दुल गनींपर्यंत लांबलचक होतं. त्यात अदब होती, पाटलांचा मान होता, भाषा होती. ते सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. "तुमाले वाईट वाटू नये म्हून," ते म्हणाले. कानांवर पडल्यावर ते त्यांना इतकं क्षुल्लक वाटलं, की त्यांनी मान खाली घातली. दारामागं गोजरबाईंच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. पाटील काही शिव्या देतील, काठी उचलतील, निदान रडतील, असं त्यांना वाटलं. त्यातलं काही झालं असतं तर बरं वाटलं असतं. पाटलांनी फक्त हात लांब करून त्यांच्या गुडघ्याशी पडलेला कागद उचलला, वाचता येत नसतानाही वरपासून खालपर्यंत पाहिला, शेवटची रिकामी जागा आंगठ्यानं चाचपली, आणि तो शेषरावांपुढं ठेवला. दौतीचं झाकण काढून तीही पुढं सरकवली. काल कचेरीत अर्ध्या बाकावर बसलेला, दोन दिवसांत आपल्याशी एकही शब्द आवाज चढवून न बोललेला तो माणूस आता ताठ बसला होता.

"सई करा," पाटील म्हणाले.

शेषरावांनी केली.